सूट असूनही लष्करी सेवा

सूट असूनही लष्करी सेवा : सक्तीची लष्करभरती असलेल्या देशात कायद्याने सूट मिळालेली असताना, किंवा मागितल्यास मिळण्याजोगी असताना, ती न घेता सैन्यात दाखल होणे. ही निव्वळ स्वेच्छाभरती नव्हे. स्वयंसेवकाला कोणी बोलावलेले नसते, इथे मात्र बोलावणे आलेले असते. निव्वळ कायदापालनही नव्हे, कारण घरी राहिल्याने कायदा मोडत नाही.

सूट देण्याची कारणे सर्वत्र साधारण सारखीच असतात : शारीरिक अपात्रता, कुटुंबाचा एकमेव आधार असणे, शिक्षण, धर्म, परदेशातील कायम वास्तव्य, अत्यावश्यक व्यवसाय. बहुतेक वेळा ती आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो, दाखले जोडावे लागतात, डॉक्टरांपुढे उभे राहावे लागते. त्यामुळे अनेकांच्या बाबतीत सूट नाकारणे म्हणजे प्रत्यक्षात एवढेच, की तो अर्ज भरलाच नाही.

सवलतींची एक फार जुनी यादी बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात आहे. नवे घर बांधून त्यात राहायला न गेलेला, द्राक्षमळा लावून त्याचे फळ न चाखलेला, वाग्दान झालेला पण लग्न व्हायचे असलेला, अशा सर्वांनी परत जावे, असे तिथे सांगितले आहे. शेवटी भित्र्यालाही मुभा आहे, आणि त्याचे कारण मोठे व्यवहारी आहे : त्याला पाहून इतरांचाही धीर सुटू नये. पुढे मिश्ना या यहुदी धर्मसंहितेने या सवलतींना मर्यादा घातली. युद्ध धर्मकर्तव्य म्हणून करायचे असेल, तर नवरदेवानेही आपल्या खोलीतून आणि नवरीनेही मांडवातून बाहेर पडावे, असे तिचे म्हणणे.

सूट नाकारणे हे कर्तव्य आहे का, या नैतिक प्रश्नाची खरी गाठ मात्र संख्येत आहे. अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेकडील सरकारने मार्च १८६३ मध्ये भरतीचा कायदा केला. प्रत्येक मतदारसंघाने किती माणसे द्यायची हे ठरलेले होते. चिठ्ठीत नाव आलेल्याला ३०० डॉलर भरून किंवा बदली माणूस देऊन सुटता येई. ‘श्रीमंतांचे युद्ध, गरिबांची लढाई’ ही तक्रार तेव्हा सर्रास ऐकू येई, आणि जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भरतीविरोधी दंगली पेटल्या. जिथे आकडा असा पक्का असतो, तिथे एकाची सूट म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी नंबर. ‘मला कायद्यानेच मोकळे केले आहे’ हे उत्तर तिथे अपुरे पडते. माझ्या जागी कोण जाणार, हा प्रश्न उरतोच. आकडा ठरलेला नसेल तर हा युक्तिवाद बराच लुळा पडतो. शरीर खरोखरच साथ देत नसताना हट्टाने भरती होणारा तर कधी कधी आपले ओझे तुकडीतल्या इतरांवरच टाकतो. म्हणून सूट नाकारणे हे कर्तव्य की कर्तव्यापलीकडचे काही, याला सरसकट उत्तर नाही.

दक्षिण कोरियात हा विषय घरोघरी चर्चेचा आहे. सुदृढ पुरुषांना तिथे सेवा सक्तीची असून भूदलात ती १८ महिन्यांची आहे. ऑलिंपिकमधील कोणतेही पदक किंवा आशियाई स्पर्धेतील सुवर्ण मिळवणाऱ्याला मात्र काही आठवड्यांचे प्राथमिक प्रशिक्षण आणि ५४४ तासांची समाजसेवा एवढ्यावर मोकळीक मिळते. फुटबॉलपटू सोन हुंग-मिन याने २०१८ च्या सुवर्णपदकानंतर २०२० मध्ये जेजू बेटावर नौसैनिकांच्या तळावर तीन आठवड्यांचे प्रशिक्षण पुरे केले, आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही. गायक-अभिनेता ओक तेक-यॉन याची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे अमेरिकेतील कायम वास्तव्याचा परवाना होता, तो त्याने सोडला. पाठीच्या दुखण्यामुळे त्याला सैनिकी सेवेऐवजी कार्यालयीन स्वरूपाची सार्वजनिक सेवा नेमून दिली गेली. त्याने पाठीवर दोनदा शस्त्रक्रिया करून घेतली, पुन्हा तपासणी दिली आणि २०१७ मध्ये तो नियमित सैनिक म्हणून दाखल झाला. याउलट गायक यू सुंग-जुन याने भरतीला जाईन असे जाहीर सांगितले होते. २००२ मध्ये त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतले आणि कोरियाने त्याला प्रवेशबंदी केली. लोकांचा राग नागरिकत्वावर कमी आणि दिलेला शब्द फिरवण्यावर जास्त होता, असे दिसते.

हेतू नेहमी इतके स्वच्छ वेगळे काढता येत नाहीत. अमेरिकी बेसबॉलपटू टेड विल्यम्स याला आई त्याच्यावर अवलंबून असल्याने १९४२ मध्ये सवलतीच्या वर्गात ठेवले होते. त्यावरून वृत्तपत्रांनी त्याला झोडपले. त्याच वर्षी तो नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणासाठी दाखल झाला. हे कर्तव्य की लोकनिंदेचा धाक? बहुधा दोन्ही. कोरियन युद्धासाठी त्याला पुन्हा बोलावले गेले तेव्हा त्याने ३९ लढाऊ उड्डाणे केली. त्यांतल्या एकात पेटलेले विमान त्याने पोटावर उतरवले.

या धाकाची हद्द कुठवर जाते हे पहिल्या महायुद्धातील ब्रिटनमध्ये दिसले. साध्या कपड्यांतल्या तरुणांना भर रस्त्यात पांढरे पीस देऊन भेकड ठरवण्याची टूम १९१४ मध्ये निघाली. रजेवरचे आणि जखमी होऊन परतलेलेही त्यातून सुटले नाहीत. १९१६ मध्ये सेवेतून सन्मानाने मुक्त झालेल्यांसाठी चांदीचा बिल्ला काढला गेला. तो कोटाच्या उजव्या बाजूला लावायचा, म्हणजे समोरच्याला न विचारता कळावे. सूट ही ज्याची त्याला परत करता यावी. दुसऱ्याने ती हिसकावली की तिचा अर्थच जातो.

तत्त्वासाठी न जाणे ही यातली पळवाट नव्हे. अमेरिकी मुष्टियोद्धा मुहम्मद अली याने २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये भरतीला उघड नकार दिला, पाच वर्षांची शिक्षा ऐकून घेतली आणि आपली उमेदीची वर्षे घालवली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. सोयीची सवलत शोधणाऱ्यापेक्षा असा नकार देणारा, किंमत मोजण्याच्या बाबतीत, सूट नाकारणाऱ्याच्या अधिक जवळचा आहे.

कधी मात्र जायची तयारी असूनही राज्यच नको म्हणते. स्वित्झर्लंडमध्ये सेवा न करणाऱ्या पुरुषाला त्याबद्दल कर भरावा लागतो. एका मधुमेही ट्रकचालकाला सैन्याने अपात्र ठरवले, मात्र करमाफीपुरता अपंग मानले नाही. आपण सेवेला तयार होतो, मग कर कशाचा, असे म्हणत तो युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. ३० एप्रिल २००९ रोजी न्यायालयाने हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला. पुढे अशा पुरुषांना प्रकृतीला झेपेल अशा नेमणुकीवर सेवा करण्याची तजवीज तिथे झाली.