गंधक कमी पडते तेव्हा मुळे काय करतात?

पिकाची कोवळी पाने पिवळी पडत असतील आणि खालची जुनी पाने हिरवीच असतील, तर नत्राआधी गंधकाची शंका घ्यावी. नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते. प्रथिनांत गुंतलेले गंधक इतक्या सहज सुटत नाही, म्हणून त्याची टंचाई आधी नव्या पानांवर दिसते.

जमिनीतले बहुतेक गंधक सेंद्रिय पदार्थांत अडकलेले असते. मुळे ते मुख्यतः सल्फेटच्या रूपात घेतात. सल्फेटवर ऋण भार असल्याने मातीचे कण त्याला फारसे धरून ठेवत नाहीत आणि जोराच्या पावसात ते खाली झिरपते. सिंगल सुपर फॉस्फेटमधून स्फुरदासोबत सुमारे ११ टक्के गंधकही मिळते. युरियात ते नसते आणि डीएपीत जवळपास नसतेच.

टंचाई जाणवली की मुळांच्या पेशी सल्फेट आत ओढणारी वाहक प्रथिने कितीतरी जास्त बनवू लागतात. ॲरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात ही जनुके चालू करणारे ‘स्लिम-१’ हे प्रथिन २००६ मध्ये ओळखले गेले. त्याच वेळी पेशींच्या रिक्तिकांत (पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांत) साठवलेले सल्फेटही बाहेर काढले जाते.

मला यापुढचा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. हे वाहक सल्फेट अचूक ओळखत नाहीत. मॉलिब्डेट (मॉलिब्डेनमचे रूप) आणि सेलेनेट (सेलेनियमचे रूप) यांची घडण आणि भार सल्फेटसारखेच असतात, त्यामुळे तेही त्याच वाटेने आत येतात. सल्फेट भरपूर असते तेव्हा त्यांना फारशी जागा मिळत नाही. ते घटले आणि वाहक वाढले की मात्र त्यांना मोकळे रान मिळते. म्हणूनच गंधकाविना वाढवलेल्या मोहरीवर्गीय पिकांच्या पानांत मॉलिब्डेनम वाढलेले आढळते. उलट बाजूने, सल्फेटयुक्त खत दिले की गव्हातले सेलेनियम घटू शकते.

लोहाची गोष्ट नेमकी उलटी. गहू, मका, बार्ली यांसारखी तृणवर्गीय पिके मुळांतून एक खास द्रव्य सोडतात. ते मातीतल्या लोहाला पकडून विरघळवते आणि मग दोघे मिळून मुळात शिरतात. हे द्रव्य मेथिओनीन या गंधकयुक्त अमिनो आम्लापासून तयार होते. गंधकाची उपासमार झालेली बार्ली ते कमी सोडते. म्हणजे मातीत लोह असूनही पीक लोहासाठी तरसू शकते.

गंधक कमी पडलेल्या पिकाला पिवळेपणा पाहून नुसता युरिया देणे हे मला सर्वांत चुकीचे पाऊल वाटते. गंधकाशिवाय सिस्टीन आणि मेथिओनीन ही अमिनो आम्ले बनत नाहीत, त्यामुळे प्रथिनांची बांधणी अडते आणि आत आलेले नत्र नायट्रेट किंवा सुट्या अमिनो आम्लांच्या रूपात साचते. गव्हाच्या दाण्यात हे साचणे विशेषतः ॲस्परॅजिन या अमिनो आम्लाचे असते, आणि त्या पिठाचा पाव भाजताना त्याच ॲस्परॅजिनपासून ॲक्रिलामाइड हे अपायकारक रसायन जास्त प्रमाणात तयार होते.