सोनेरी चौकटीतला फ्रेंच वळसा

अठराव्या शतकाच्या मध्यावरच्या इंग्लिश रोकोको (वळणदार सजावटीच्या शैलीतल्या) आरशासमोर उभं राहिलं की आपलं तोंड सोडून चौकटच बघत बसावंसं वाटतं. पानांचे वळसे, शिंपल्यांच्या कडा, लोंबणाऱ्या हिमकाड्या, माथ्यावर लांब चोचीचा 'चिनी' पक्षी. हा पक्षी ना बगळा ना करकोचा. तो कारागिरांच्या कल्पनेतल्या चीनचा.

वळणं मात्र फ्रेंच. 'रोकोको'च्या मुळाशी 'रोकाय' आहे, म्हणजे बागेतल्या कृत्रिम गुहांना केलेली दगड-शिंपल्यांची सजावट. लंडनमध्ये ही शैली रुजली सेंट मार्टिन्स लेनच्या आसपास. तिथे १७३५ मध्ये चित्रकार विल्यम होगार्थने चित्रशाळा उभी केली आणि फ्रेंच चित्रकार ग्राव्हलो तिथे शिकवायचा. लाकूड कोरणाऱ्या मॅथायस लॉकने १७४४ मध्ये मेणबत्त्या लावायच्या आरशांचे सहा नमुने छापले. पुढे १७५४ मध्ये फर्निचर घडवणाऱ्या थॉमस चिपेंडेलचा १६० छापील चित्रांचा नमुनासंग्रह आला आणि गावोगावच्या सुतारांच्या हाती ही वळणं पडली.

खरी गंमत लाकूड कोरणाऱ्या थॉमस जॉन्सनची. त्याच्या चौकटींवर इसापाचे प्राणी वावरतात. हा कारागीर फ्रेंच मालाच्या विरोधातला. १७५८ चा त्याचा नमुनासंग्रह फ्रेंचविरोधी संघाचे अध्यक्ष लॉर्ड ब्लेकनी यांना अर्पण केलेला, आणि त्यात एक बाळ-देवदूत 'फ्रेंच' कागदी लगद्याच्या कामाला आग लावतोय. आतले वळसे? पॅरिसचेच!

चौकट एवढी ऐसपैस असायला काचही कारणीभूत. मोठी अखंड काच भलतीच महाग, त्यात १७४५ पासून काचेवर कर. म्हणून बऱ्याचदा लहान काचा जोडायच्या आणि सांध्यावरून एखादी कोरीव फांदी फिरवायची. काचेमागे कथलाचा पत्रा आणि पारा. आपण आजही 'आरशाचा पारा उडाला' म्हणतो, ते या जुन्या आरशांच्या बाबतीत शब्दशः खरं.

चौकटीचं लाकूड बहुधा साधं पाइनचं. त्यावर खडू-सरसाचे थर, मग रंगीत मातीचा हात, त्यावर सोन्याचा वर्ख. उंचवटे अकीकाने घोटून चकाकवायचे, खोलगट भाग मुद्दाम मंद ठेवायचे. मेणबत्तीच्या हलत्या उजेडात ती पानं सळसळल्यासारखी दिसत असणार. १७६० च्या दशकात वास्तुकार रॉबर्ट ॲडमची सरळ, रोमन धाटणी आली आणि शिंपले मागे पडले. पुढे कित्येक चौकटींवर नव्याने मुलामा चढला. वर्ख झिजलेल्या कडेशी तो जुना लालसर मातीचा थर अजून डोकावतो.