पहाडी चहाचा भाव एवढा का?

दुकानात दोन डबे शेजारी-शेजारी आहेत. एकात आसामचा दाणेदार, दुसऱ्यात दार्जिलिंगची पत्ती. दुसऱ्याचा भाव ऐकला की ठरलेला प्रश्न येतो, "भाऊ, चहाच आहे ना हा?" गर्दीत नीट सांगणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी एक खरं सांगतो. आलं ठेचून, दूध घालून उकळायच्या रोजच्या कडक चहासाठी दार्जिलिंग घेऊच नका, पैसे पाण्यात जातील. त्याला आसामचा सीटीसीच हवा. दातेरी रुळांतून चिरडून, फाडून गोळी वळलेला हा चहा रंग भराभर सोडतो. देशातला निम्म्याहून जास्त चहा एकट्या आसामात होतो.

दार्जिलिंगची गोष्ट वेगळी. १८४१ साली तिथले अधीक्षक डॉ. कॅम्पबेल यांनी चहाची रोपं लावून पाहिली आणि १८५० च्या दशकात मळे उभे राहिले. तिथली झुडपं मुख्यतः चिनी जातीची, बारीक पानाची. उभ्या उतारावर बाया टोपलीचा पट्टा कपाळाला लावून हातानं खुडतात, दोन पानं आणि एक कळी एवढंच. किलोभर चहाला असे सुमारे २०,००० खुडे लागतात, कारण चार-साडेचार किलो ओला पाला सुकून एक किलो उरतो.

आपल्या संत्र्याला जसे आंबिया आणि मृग बहार, तसे तिथे तोडे. मार्च-एप्रिलचा पहिला तोडा, म्हणजे फर्स्ट फ्लश, ही हिवाळाभर झोपलेल्या झुडपाची पालवी. कपात फिकट सोनेरी दिसते. मे-जूनच्या सेकंड फ्लशची तर गंमतच आहे. तुडतुडे कोवळ्या पानाचा रस शोषतात आणि त्या चाव्यामुळेच पानाला पिकल्या द्राक्षासारखा वास चढतो. (कपाशीवर तुडतुडे दिसले की आपण फवारणीचा पंप काढतो. तिथे त्यांचेच पैसे होतात!) पावसाळी चहा रंगाला बरा, वासाला बेताचा. दिवाळीच्या सुमाराचा तोडा पुन्हा गोडसर.

मळ्यांची वर्षाची खरी कमाई या पहिल्या दोन तोड्यांवर. २०१७ साली गोरखालँड या वेगळ्या राज्याच्या मागणीसाठी जूनपासून पहाड १०४ दिवस बंद राहिला, तेव्हा सेकंड फ्लशचा बराचसा माल झुडपावरच राहून गेला.

नोंदलेले मळे ८७. कायम मजूर ५० हजारांच्या वर, त्यात निम्म्याहून जास्त बाया, आणि हंगामात आणखी हात लागतात. १९५१ च्या मळा कामगार कायद्यानं घर, दवाखाना, पाळणाघर मळेवाल्याकडे आलं, त्यामुळे मळा म्हणजे गावच झालं. मळा बंद पडला की मजुरीबरोबर दवाखानाही जातो. आणि मजुरी तरी किती? २०२३ मध्ये दिवसाला २५० रुपये झाली. एवढ्या महागड्या पत्तीच्या मानानं ही रक्कम आम्हाला तरी तोकडीच वाटते.

तामिळनाडूतल्या निलगिरीच्या डोंगरांत चित्र निराळं. तिथे एक-दोन एकरांचे पुष्कळ छोटे शेतकरी. खुडलेला पाला त्याच दिवशी कारखान्यात पोचला नाही तर खराब होतो, म्हणून भाव ठरवताना वरचढ हात कारखान्याचा.

नकलीबद्दल नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. हायवेवर कुठलंही संत्रं 'नागपुरी' म्हणून खपतं, तसा नेपाळचा चहाही दार्जिलिंगच्या नावानं विकला जातो. दार्जिलिंग चहाला भौगोलिक मानांकन २००४ साली मिळालं, आपल्या संत्र्याला २०१४ साली. पाकिटावर टी बोर्डाचं गोल चिन्ह बघा: हातात पानं धरलेल्या बाईचा एका बाजूनं दिसणारा चेहरा.

करायचा कसा? पाणी उकळून गॅस बंद करा. कपाला एक चमचा पत्ती, वर झाकण, तीन मिनिटं, मग गाळा. दूध नको.

ठेवताना डबा घट्ट हवा. पहिल्या वर्षी आम्ही एक पेटी हिंग-मसाल्याच्या पोत्यांजवळ ठेवली होती. महिनाभरानं फर्स्ट फ्लशला फोडणीचा वास! ती पेटी आम्हीच घरी संपवली. म्हणून आता ५० ग्रॅमच्याच पुड्या बांधतो. घेण्याआधी एक कप चाखायचा असेल तर दुपारी चारनंतर या, तेव्हा दुकानात किटली तयार असते.