संस्थेच्या माजी प्रमुखांची यादी माहिती अधिकारात मागताय? अर्ज का परत येतो ते आधी वाचा

नागपुरात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या बॅचची पंचवीस, नाहीतर पन्नास वर्षं भरतात आणि स्मरणिका काढायचं ठरतं. मग कुणीतरी म्हणतं, आजवरचे सगळे प्राचार्य-संचालक कार्यकाळासह छापू या. केबिनमधल्या लाकडी फलकाचा फोटो मिळतो, पण त्यावर नुसती नावं आणि सालं. दोन नावांच्या मध्ये आठ-दहा महिन्यांची खिंड असते आणि त्या काळात खुर्चीत कोण होतं हे कुणालाच धड आठवत नाही. तिथे माहितीच्या अधिकाराचा अर्ज निघतो, आणि पहिला अर्ज हमखास परत येतो. असे अर्ज मी बऱ्याच जणांना लिहून दिलेत, बरेच दुरुस्तही केलेत. चुका त्याच त्या असतात.

अर्ज कोण करू शकतो? माहिती अधिकार कायद्याचं कलम ३ म्हणतं, भारताचा नागरिक. संस्थेशी तुमचा संबंध काय, माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही; कलम ६(२) तशी कारणं विचारायलाच मनाई करतं. पण ‘नागरिक’ या शब्दावरच पहिली ठेच लागते. माजी विद्यार्थी संघाच्या लेटरहेडवर, अध्यक्ष-सचिवांच्या शिक्क्यासह अर्ज गेला, की ‘संघ हा नागरिक नाही’ असं उत्तर येऊ शकतं. हौसेने छापलेलं लेटरहेड बाजूला ठेवा. साध्या कागदावर, स्वतःच्या नावाने, घरच्या पत्त्यावरून अर्ज करा आणि ‘मी भारताचा नागरिक आहे’ ही ओळ लिहा.

आता खरी गोची. माटे चौकाजवळची व्हीएनआयटी, म्हणजे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, ही केंद्राची. अमरावती रोडवरचं एलआयटी, म्हणजे आताचं लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठ, हे राज्याचं. कायदा एकच, २००५ चा, पण फी भरायचे नियम दोन. दोन्हीकडे दहाच रुपये. राज्याच्या कार्यालयात अर्जाला दहाचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला की काम झालं. तोच स्टॅम्प केंद्राच्या कार्यालयात चालत नाही. तिथे पोस्टल ऑर्डर, डिमांड ड्राफ्ट, रोख पावती किंवा ऑनलाइन. कोर्टाजवळून स्टॅम्प घेऊन व्हीएनआयटीत अर्ज टाकणारे मला दरवर्षी भेटतात. दहा रुपयांचा प्रश्न, पण त्यात महिना जातो. केंद्राच्या आरटीआय पोर्टलच्या यादीत तुमची संस्था दिसत असेल तर सरळ तिथूनच भरा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत मात्र जोडावी लागते.

राज्याच्या अर्जाला आणखी एक अट आहे, २०१२ मध्ये आलेली: एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द. केंद्राची मर्यादा पाचशे शब्दांची. ‘प्रमुखांची यादी, इमारतीचा खर्च आणि वसतिगृहाची स्थिती’ असं एका अर्जात कोंबलंत तर पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा म्हणतील, आणि नियमाने त्यांचं बरोबर असेल.

फी बरोबर भरली, शब्दही मोजले, तरी यादी अर्धवट येते. याचं कारण पदनाम. व्हीएनआयटी जून १९६० मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाली, पुढे विश्वेश्वरय्यांचं नाव लागून व्हीआरसीई झाली, २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून व्हीएनआयटी झाली आणि २००७ च्या एनआयटी कायद्याखाली आली. कॉलेज होतं तोवर प्रमुखाला प्राचार्य म्हणत, नंतर संचालक. तुम्ही ‘संचालकांची यादी’ मागितली तर २००२ नंतरचीच नावं येतील आणि चाळीस-बेचाळीस वर्षांचे प्राचार्य गायब होतील. माहिती अधिकाऱ्याने खोटं काही सांगितलेलं नसतं. तुम्ही मागितलं तेवढं दिलेलं असतं. (व्हीआरसीईवाले तर आजही स्वतःला व्हीआरसीईचेच म्हणवतात, मग अर्जात ते नाव कसं विसरतात कोण जाणे.)

एलआयटीचं दुखणं वेगळं. १९४२ ची ही संस्था रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिली आणि २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली होती. त्यामुळे जुन्या संचालकांच्या नेमणुकीचे कागद नव्या विद्यापीठात असतीलच असं नाही. ‘आमच्याकडे उपलब्ध नाही’ हे उत्तर आलं म्हणून खचू नका. कलम ६(३) नुसार, माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं त्यांचं काम आहे. ते काम ते स्वतःहून करतील या भरवशावर मात्र राहू नका. अर्जातच ६(३) चा उल्लेख करा आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे एक वेगळा अर्जही टाकून ठेवा.

विद्यापीठाकडे मागताना आणखी एक गंमत होते. कुलगुरू म्हणजे विद्यापीठ चालवणारे, कुलपती म्हणजे राज्यपाल. ‘आजवरच्या कुलपतींची यादी द्या’ असं लिहिलंत तर राज्यपालांची यादी घरी येईल.

आता तो कागद, जो मागायचं कुणाला सुचत नाही. ‘संस्थेच्या नेतृत्वाचा इतिहास द्यावा’ असं लिहू नका. कायद्याने मिळते ती अभिलेखात असलेली माहिती. इतिहास लिहून द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. एका प्रमुखाने दुसऱ्याकडे खुर्ची सोपवली की कार्यभार हस्तांतरणाचा अहवाल होतो, ऑफिसात त्याला चार्ज रिपोर्ट म्हणतात. त्यावर तारीख असते, मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर तेही असतं, आणि दोघांच्या सह्या. फलकावर न आलेले प्रभारी इथे सापडतात. नेमणुकीचा आदेश एका तारखेचा आणि रुजू होणं दोन महिन्यांनंतरचं, हा फरकही इथेच कळतो. म्हणून अर्जात असं लिहा:

‘संस्थेच्या स्थापनेपासून आजपर्यंत प्राचार्य / संचालक / कुलगुरू (नियमित, प्रभारी व अतिरिक्त कार्यभार सांभाळणारे, सर्व) या पदावर राहिलेल्या व्यक्तींची नावे, पदभार स्वीकारल्याचा व सोडल्याचा दिनांक, तसेच प्रत्येक बदलाच्या कार्यभार हस्तांतरण अहवालाची साक्षांकित प्रत.’

एवढंच. राज्याच्या अर्जाच्या नमुन्यात, म्हणजे जोडपत्र ‘अ’ मध्ये, कालावधीचा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका; ‘स्थापनेपासून अर्जाच्या दिनांकापर्यंत’ असं लिहा.

‘अमुक सरांना मुदत का वाढवून दिली नाही?’ हा प्रश्न लिहायचा मोह आवरा. ‘का’ला उत्तर मिळत नाही. त्याऐवजी त्या निर्णयाच्या टिपणीची आणि आदेशाची प्रत मागा. तीही संस्थेत नसण्याची शक्यता मोठी, कारण एनआयटीचा संचालक कुलाध्यक्ष म्हणजे राष्ट्रपती नेमतात आणि फाइल शिक्षण मंत्रालयात असते. राज्य विद्यापीठाच्या कुलगुरूंची कुलपतींच्या कार्यालयात. शिवाय निवड न झालेल्या उमेदवारांचे बायोडेटा मागितलेत तर कलम ८(१)(ञ) पुढे येणार, म्हणजे वैयक्तिक माहिती. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती कायद्याने ते आणखी कडक केलंय. पण हेच कलम प्रमुखांची नावं आणि तारखा नाकारायला कुणी वापरलं तर गप्प बसू नका. अधिकाऱ्यांची निर्देशिका तर कलम ४ प्रमाणे संस्थेने स्वतःहूनच जाहीर करायची असते. घटना वीस वर्षांहून जुनी असेल तर कलम ८(३) दाखवा. त्यानंतर वैयक्तिक माहितीची ढाल चालत नाही.

तारखांचा घोळ सगळ्यात महागात पडतो. उत्तराची मुदत तीस दिवस, आणि ती अर्ज तिथे पोचल्यापासून मोजायची, तुम्ही पोस्टात टाकल्यापासून नाही. म्हणून पोच घ्या. झेरॉक्सचे पैसे भरा असं पत्र आलं तर ते भरेपर्यंतचे दिवस मोजणीत धरत नाहीत; ते पत्र खिशात घेऊन हिंडू नका. तीस दिवस उलटूनही काही आलं नाही, तर कायदा त्याला नकारच समजतो आणि पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करायचं असतं. इथे लोक ‘येईल हो उत्तर, साहेब रजेवर आहेत’ म्हणत चार महिने काढतात. साहेब रजेवर असले तरी घड्याळ रजेवर नसतं. एका गृहस्थांनी एका कार्यालयातल्या बाबूच्या तोंडी आश्वासनावर सात महिने घालवले, मग उशिराबद्दल माफीचा अर्ज जोडत बसले. मुदत उलटल्यावर मिळणारी माहिती मात्र फुकट द्यावी लागते, कलम ७(६).

पहिल्या अपिलाला राज्यात वीस रुपयांचा स्टॅम्प, केंद्रात काही नाही. दुसरं अपील नव्वद दिवसांत: राज्याच्या संस्थेचं राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे, व्हीएनआयटीचं दिल्लीला केंद्रीय आयोगाकडे. नागपूरची संस्था म्हणून नागपूर खंडपीठात गेलेली अपिलं मी पाहिलीत, परत येतात.

‘अभिलेख सापडत नाही’ असं उत्तर आलं तर कागद नष्ट केला असल्यास तो नष्ट केल्याची नोंद असलेल्या वहीची प्रत मागा, आणि जोडीला अभिलेख पाहणीची परवानगीही. पाहणीचा पहिला तास फुकट असतो. जाताना वही-पेन्सिल न्या, सकाळीच जा, आणि नियामक मंडळाची जुनी इतिवृत्तं आधी मागवा. चार्ज रिपोर्ट हरवला तरी बदलाची नोंद तिथे बहुतेक वेळा असते. हवं ते पान सापडलं की त्याचा फाइल क्रमांक आणि पान क्रमांक तिथेच टिपून घ्या. प्रत दोन रुपये पान.