अग्निवीर भरती: मेडिकलला आणि ट्रेनिंगमध्ये पोरं नेमकी कुठं अडकतात

मे 2025 ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं त्या आठवड्यात ग्राउंडवर अग्निवीर (चार वर्षांसाठी सैन्यात घेतात ते जवान) व्हायची तयारी करणाऱ्या प्रत्येक पोराचा एकच प्रश्न होता, आता युद्धाची भरती निघणार ना, मेडिकल ढिलं करणार ना. त्यात 6 मे ची केंद्राची टेरिटोरियल आर्मीची (नोकरी-धंदा सांभाळून गरजेला सैन्यात येणाऱ्यांची राखीव फौज) अधिसूचना आली आणि सगळीकडं पसरलं की थेट भरती उघडली. तसं काही नव्हतं. त्यात लष्करप्रमुखांना अधिकार दिला होता तो टेरिटोरियल आर्मीत आधीच नाव असलेल्या अधिकाऱ्यांना आणि जवानांना ड्युटीवर बोलवायचा. नव्या पोरांचा त्यात काही संबंधच नाही. तरी काही जणांनी त्या नादात चाललेली तयारी सोडली, ते बघून फार वाईट वाटलं.

लढाई आहे म्हणून निकष खाली येतील या भरवशावर कुणी राहू नका. अमेरिकेनं व्हिएतनाम युद्धात 1966 पासून नेहमीच्या निकषात न बसणारी तीन लाखांवर माणसं भरती केली होती, आणि त्यांच्यात मरण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा जास्त निघालं. अनफिट माणूस आत घेतला की तो स्वतः जातो आणि शेजारच्यालाही धोक्यात घालतो, म्हणून चाळणी दोनदा लागते, एकदा रॅलीत (भरतीच्या मैदानी चाचणीत) आणि एकदा ट्रेनिंग सेंटरला.

सुरुवातीच्या पायऱ्या थोडक्यात सांगतो. ऑनलाइन फॉर्म, मग लेखी परीक्षा, पास झालात तर रॅली, रॅलीत 1.6 किलोमीटर धावणं (5 मिनिटं 30 सेकंदांच्या आत आलात तर पूर्ण 60 मार्क), बीम, म्हणजे दांड्याला लटकून अंग वर ओढणं (10 मारले की 40 मार्क), 9 फुटी खड्ड्यावरून उडी, झिगझॅग पट्टीवर तोल, मोजमाप, कागद, मेडिकल. जीडीसाठी (जनरल ड्युटी, म्हणजे साधा सैनिक) दहावीला एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 लागतात, एका विषयात 32 असले तरी एकूण 70 टक्के दाखवून काही होत नाही. वयासाठी त्या वर्षीच्या जाहिरातीत जन्मतारीख कधीपासून कधीपर्यंत ते छापलेलं असतं, तेच बघा, मित्रानं सांगितलेलं वय धरू नका.

आता कागद. सगळ्यात जास्त पोरं परत येतात ती अविवाहित दाखल्यामुळं. सरपंचाचा किंवा नगरपालिका-महापालिकेचा, फोटो लावलेला, सहा महिन्यांच्या आतला लागतो. पोरं काय करतात, फॉर्म भरतानाच सगळे दाखले काढून फाइल करून ठेवतात, मग परीक्षा, निकाल, रॅली यात महिने जातात आणि टेबलावर दाखला सात-आठ महिन्यांचा निघतो. सहा महिने रॅलीपासून मागं मोजायचे असतात, फॉर्मच्या तारखेपासून नाही! चारित्र्याच्या दाखल्याचंही तेच. ॲडमिट कार्ड हातात आलं की मग काढा. शहरातल्या पोरांचे हाल जास्त, कारण वॉर्ड ऑफिसात अविवाहित दाखला म्हणजे काय हेच खिडकीवरच्या माणसाला माहीत नसतं, एका पोराला तीन दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. जाहिरातीत दाखल्याचा नमुना असतो त्याची प्रिंट सोबत न्या, काम लवकर होतं.

दुसरं नाव. आधारवर वडिलांचं नाव एक, दहावीच्या बोर्ड सर्टिफिकेटवर दुसरं, 'दत्तू' आणि 'दत्तात्रय' असं असलं तरी अडकतं. बोर्ड सर्टिफिकेट खरं धरून आधार दुरुस्त करून घ्या, आणि ते फॉर्म भरायच्या आधी.

मेडिकलला दोन्ही डोळे, रंग ओळखणं, कान, दात (किमान 14 पॉइंट, दाढांना दोन-दोन), गुडघे चिकटणं, सपाट तळवे, पायाच्या फुगलेल्या शिरा, हायड्रोसील, नाकाचा वाकडा पडदा हे सगळं बघतात. कानात मळ म्हणून परत आलेली पोरं मी पाहिली आहेत, पंधरा मिनिटांचं काम होतं ते. टॅटू हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत किंवा पंज्याच्या मागं असेल तरच सहसा चालतो.

अनफिट लिहिलं म्हणजे लगेच घरी जायचं नाही. स्पेशालिस्टकडं रिव्ह्यू मिळतो, स्लिपवर कुठल्या मिलिटरी हॉस्पिटलला आणि कोणत्या तारखेपर्यंत जायचं ते असतं. इथं घोळ होतो. ती तारीख हॉस्पिटलला हजर व्हायची असते, उपचार संपवायची नसते. पोरं आधी खासगी डॉक्टरकडं जातात, ऑपरेशन करून घेतात, सर्टिफिकेट घेऊन पोचतात तोवर तारीख गेलेली असते, आणि खासगी सर्टिफिकेट तिथं तसंही निर्णय बदलत नाही. ज्याला ऑपरेशनची गरज आहे त्यानं ते रॅलीच्या कितीतरी आधी करून जखम भरून यायला वेळ द्यायला पाहिजे.

आणि जुना आजार लपवू नका रे. फिट्स, दमा, जुनं फ्रॅक्चर, विचारलं तर खरं सांगा. भरतीच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर आर्मी ॲक्टच्या कलम 44 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे फॉर्म भरून देणारे सांगतच नाहीत.

सिलेक्ट झालो म्हणजे झालं असं घरचे समजतात, पेढे वाटतात. पण बेळगाव असो, खडकी असो की नाशिक रोड, सेंटरला पोचल्यावर दुसरी चाळणी सुरू होते. टेस्टला नापास झालात तर रेलिगेट करतात, म्हणजे मागून येणाऱ्या तुकडीबरोबर तेच ट्रेनिंग परत. त्यात लाज नाही, रेलिगेट होऊन पुढं उत्तम निघालेले जवान आहेत. पण परत परत नापास होत राहिला तर 'चांगला सैनिक होण्याची शक्यता नाही' या शेऱ्यावर आर्मी रूल 13 खाली डिस्चार्ज करता येतं. शपथ होऊन अटेस्टेशन (सैनिक म्हणून पक्की नोंद) व्हायच्या आधी हा अधिकार कमांडिंग ऑफिसरच्या पातळीवरच असतो, म्हणून हे लवकर घडतं आणि घरच्यांना एकदम धक्का बसतो.

घरी परत जाण्याचा दुसरा रस्ता मेडिकल बोर्डाचा, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळानं तपासून ठरवण्याचा. नडगीच्या हाडाला बारीक चीर जाणं हे रिक्रूटमध्ये फार दिसतं. पोरगा भीतीनं सांगत नाही, दुखत दुखत पळतो, आणि थोड्या दिवसांच्या आरामात बरं झालं असतं ते महिन्यांवर जातं. दुखलं की त्याच दिवशी सिक रिपोर्ट करा (आजारी म्हणून नोंद करून डॉक्टरला दाखवा) आणि ते कागदावर येतंय का बघा. कारण अपंगत्व सेवेमुळं आलं असं बोर्डानं ठरवलं तर अग्निवीराला 50 टक्क्यांला 15 लाख, 75 ला 25 लाख, 100 ला 44 लाख मिळतात. उलट कंटाळून 'मला घरी जायचंय' असं स्वतःहून लिहून दिलं आणि ते मंजूर झालं तर सेवा निधीतला (चार वर्षं संपल्यावर मिळणारी एकरकमी रक्कम) फक्त तुमच्या पगारातून कापलेला भाग व्याजासकट मिळतो, सरकारचा भाग नाही. पोरगं हॉस्पिटलमध्ये असताना घरी फोन करून रडतं आणि घरचे म्हणतात ये बाबा निघून. तेव्हा आधी त्याला विचारा, बोर्ड झालं का, आणि सही नेमकी कशावर मागतायत.