इओसिनोफिलना बोलावतं कोण?

पावसाळा सरता सरता ऐरोली-घणसोलीच्या दवाखान्यांत सीबीसीचे, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचे, रिपोर्ट घेऊन बसलेले लोक हमखास दिसतात. इओसिनोफिलच्या आकड्याखाली रेघ मारलेली असते आणि घरात चर्चा एकच, ‘इओसिनोफिल वाढलेत’. पण दम्यात या पांढऱ्या पेशी आपणहून वाढत नाहीत. ही बोलावून आणलेली फौज. बोलावणारे वेगळेच असतात.

सुरुवात श्वासनलिकेच्या अस्तरात होते. गादीतल्या धुळीतले माइट नावाचे सूक्ष्म जीव, ओल धरलेल्या भिंतीवरची बुरशी, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा ट्रकांचा धूर यांनी अस्तर डिवचलं, की त्यातून टीएसएलपी, आयएल-३३ अशी संदेश नेणारी प्रथिनं सुटतात. हे संदेश ऐकणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या. टीएच२ पेशी ठरावीक ॲलर्जन (ॲलर्जी आणणारा पदार्थ) ओळखूनच पेटतात. आयएलसी२ पेशींना मात्र ओळखपाळख लागतच नाही, संदेश पुरतो. या पेशी २०१०च्या सुमारास उजेडात आल्या आणि एक जुना गुंता बराचसा सुटला: ॲलर्जीची एकही चाचणी पॉझिटिव्ह नसलेल्या काही दमेकऱ्यांचेही इओसिनोफिल का चढतात?

दोन्ही पेशी आयएल-५ आणि आयएल-१३ ही आणखी संदेश-प्रथिनं सोडतात. आयएल-५ अस्थिमज्जेत पोचून इओसिनोफिलचं उत्पादन वाढवतं, शिवाय तयार झालेल्यांना लवकर मरू देत नाही. आयएल-१३ अस्तराकडून इओटॅक्सिन हे इओसिनोफिलना खेचणारं रसायन सोडवून घेतं आणि त्याच्या मागावर इओसिनोफिल फुप्फुसात शिरतात. जंतांवर चालणारी त्यांची विषारी प्रथिनं तिथे आपल्याच अस्तराची सालं काढतात. अशा रुग्णाचा चिकट कफ सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर दोन्ही टोकांना निमुळते स्फटिक दिसू शकतात. फुटलेल्या इओसिनोफिलमधल्याच एका प्रथिनाचे ते बनलेले असतात.

आयएल-५ अडवणारं मेपोलिझुमॅब हे औषध सुरुवातीच्या चाचण्यांत निष्प्रभ ठरलं, कारण ते सरसकट दमेकऱ्यांना दिलं होतं. २००९मध्ये इओसिनोफिल चढलेलेच रुग्ण निवडले, तेव्हा दम्याचे झटके कमी झाले. अमेरिकेत २०१५मध्ये मान्यता मिळाली. माझ्या मते दम्याच्या संशोधनातला हा सगळ्यात शहाणा बदल. २०२१मध्ये मान्यता मिळालेलं टेझेपेलुमॅब तर थेट टीएसएलपीलाच अडवतं. अर्थात ही महागडी इंजेक्शनं गंभीर दम्यासाठी. बहुतेकांचं काम स्टेरॉइडच्या पंपावर भागतं.

रिपोर्टचं म्हणाल, तर इओसिनोफिल रक्तात जेमतेम काही तास असतात, रात्री जास्त, दिवसा कमी. आपल्याकडे जंत आणि हत्तीरोगाचे परजीवीही हा आकडा चढवतात. उलट स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तो झपाट्याने उतरतो. त्यामुळे गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.