पार्श्वभूमी : विस्मरणाच्या आजारावर दानाचा पैसा

खानदेशात दान संगमरवरी पाटीवर दिसतं. सुरुवातीला ‘कै.’, शेवटी ‘यांच्या स्मरणार्थ’. पाणपोई, धर्मशाळा, शाळेची खोली, स्मशानातलं बाकडं. हा पैसा दवाखान्याकडे वळला तो मोतीबिंदूच्या शिबिरांमुळे. सकाळी ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना फोटो. स्मृतिभ्रंशाचा असा फोटो निघत नाही. मुळात त्याला आजार म्हणायचं कोणी? घरात तो ‘म्हातारचळ’, पारावर ‘साठी बुद्धी नाठी’.

या आजारावरच्या संशोधनाला पैसा द्यायचा, तर खरा गुंता २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे. कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्चायचे, हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. कशावर, ते कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे जोडलेल्या यादीत. तिथे आरोग्यसेवा होती, पण संशोधनाच्या नावाखाली जेमतेम शिक्षणसंस्थांमधली इन्क्युबेटर (बाळांच्या पेट्या नव्हेत, नवउद्योगांच्या). ऑक्टोबर २०१९ च्या दुरुस्तीने दार उघडलं, तेही सरकारी पैशावरची विद्यापीठं, आयआयटी, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि केंद्राच्या काही स्वायत्त संस्थांपुरतं. गावच्या न्यासाने स्वतः संशोधन करतो म्हटलं, तर तो या यादीत बसत नाही. त्यात एप्रिल २०२० पासून संशोधन संस्थांना दिलेल्या देणगीवरची प्राप्तिकरातली जादा वजावटही गेली. पूर्वी देणगीच्या १७५, मग १५०, आता फक्त १०० टक्के.

वाद मात्र ‘स्थानिक क्षेत्र’ या दोन शब्दांवरच जास्त. त्याच कलमात कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, असं आहे. हे मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असा खुलासा केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये केला. पण गावाला बोअर नाही, बेंगळुरूच्या प्रयोगशाळेला मात्र चेक, हे सरपंचाला तोंडावर सांगणारा कंपनीचा अधिकारी मी तरी पाहिलेला नाही.

बेंगळुरूचं उदाहरण सगळे देतात. २०१४ मध्ये एका उद्योजकाच्या न्यासाने मेंदू संशोधनासाठी २२५ कोटी दिले. त्यातून कोलार जिल्ह्यातल्या खेड्यांत ४५ वर्षांपुढच्या माणसांची वर्षानुवर्षं पाहणी चालते. देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये छापून आला.

जळगावला सरकारी विद्यापीठ १९९० पासून आहे. ते अनुसूचीतही बसतं आणि ‘स्थानिक’ही आहे, तरी या चर्चेत त्याचं नाव निघत नाही. काम तर दारातच आहे. स्मरणाच्या चाचणीत ‘आज वार कोणता?’ विचारतात. अहिराणी बोलणारी आजी म्हणते, ‘बजारना.’ तिच्या गावचा बाजार मंगळवारी भरतो आणि आज मंगळवारच आहे. याला गुण द्यायचा की कापायचा?